ओलं आहे तोवर विचारणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं आणि काम उरकताच तुम्ही दुसऱ्या साइटवर गेलात, म्हणून हे पत्र असं उघड लिहिते आहे. तुम्हाला ओळखणारं कुणी वाचलं तर पोचेल तुमच्यापर्यंत.

विद्यापीठातली वसतिगृह ते ग्रंथालय ही वाट तुम्ही नीट केलीत. चालणाऱ्याला चार मिनिटांची. मला व्हीलचेअरवरून ती तीन वर्षं एकटीने जमली नव्हती. आधीही रॅम्प होता बरं का! फीत कापून झाली, फोटो निघाले. १५ सेंटिमीटर उंचीच्या कडेला जेमतेम ६० सेंटिमीटरचा उतार. एकास बारा ढाळ, म्हणजे एक सेंटिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबी, धरला तर तिथे १८० हवे होते. घसरगुंडीच ती! तक्रार केली तर उत्तर मिळालं, "ढकलायला कुणीतरी असतंच ना?"

माझ्या मैत्रिणीची तऱ्हा आणखी वेगळी. तिला दिसत नाही. तिच्यासाठी पायाला, काठीला जाणवणाऱ्या उंचवट्यांच्या पिवळ्या फरशा बसवल्या, पण सगळ्या ठिपक्यांच्या. उभ्या रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांब, जपून. बिचारीला ती वाट पावलापावलाला 'थांब' म्हणायची आणि शेवटी झाडाच्या बुंध्यावर नेऊन सोडायची. जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ साली या फरशा शोधल्या, त्या दृष्टी जात चाललेल्या एका मित्रासाठी. आमच्याकडे बहुधा रंग आवडला म्हणून बसवल्या असाव्यात.

असो. मला सांगायचंय ते त्या दुपारचं.

उतार नुकताच ओतून झाला होता. मी लांबून बघत होते. तुम्ही थापी हातात तशीच धरून म्हणालात, "ताई, ओलं आहे तोवर सांगा. वाळलं की फोडावं लागतं."

मी खालचं टोक दाखवलं. उतार रस्त्याला मिळतो तिथे दोनेक सेंटिमीटरची कड राहिली होती. चालणाऱ्याच्या ती लक्षातही येत नाही, पण खुर्चीची पुढची चाकं लहान, तिथेच अडतात आणि माणूस तोंडावर जातो. नकाशात असंच आहे, असं तुम्ही म्हणाला नाहीत. उकिडवे बसलात, तळहात रस्त्यावरून वर सरकवत नेलात, कड हाताला लागली तसं "हां" म्हणालात, आणि ती मारून टाकलीत.

तो "हां" आठवला की अजून घशाशी काहीतरी येतं. तीन वर्षांत माझ्या नावाने बैठका झाल्या, पण काम वाळायच्या आत कुणी विचारलं नव्हतं. विचारायचे ते उद्घाटनानंतर, अभिप्राय म्हणून.

भल्या माणसांच्या कळवळ्याचा, खरं सांगू, मला कंटाळा आला आहे. डोक्यावरून हात फिरवतात, विचारल्याशिवाय खुर्ची ढकलतात. तुम्ही कळवळला नाहीत. दाराचं माप विचारावं तसं मला विचारलंत. अशी माणसं भेटली की दिवसभर मन हलकं राहतं, आणि ती असतात बऱ्याच ठिकाणी; फक्त त्यांच्या हातात थापी असते, सहीचा अधिकार नसतो.

आणि हो, परवा जोराचा पाऊस झाला. उताराच्या पायथ्याशी पाणी अजिबात साचलं नाही. तुम्ही मुद्दाम दोनदा पाणसळ लावून बघत होतात, म्हणून कळवते.

तुमची,
खुर्चीवाली ताई