जुळ्या ताऱ्यांचा ग्रह आठच्या आकड्यात फिरत नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जुळ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांच्या बातमीसोबत, ग्रह दोन ताऱ्यांमधून इंग्रजी आठच्या आकड्यात फिरतो असे चित्र बरेचदा छापले जाते. आजवर सापडलेले असे ग्रह दोनच तऱ्हांनी फिरतात: दोन्ही ताऱ्यांना मिळून लांबून, किंवा एकाच ताऱ्याला धरून जवळून.

२०११ मध्ये जाहीर झालेला केप्लर-१६ बी हा ग्रह पहिल्या तऱ्हेचा. त्याचे दोन तारे एकमेकांपासून सरासरी ०.२२ खगोलीय एकक दूर (एक एकक म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतर) आणि त्यांची फेरी ४१ दिवसांची. ग्रह ०.७० एककांवरून २२९ दिवसांत दोघांना वळसा घालतो. या जोडीसाठी टिकाऊ कक्षांची हद्द ०.६५ एककांच्या आसपास सुरू होते. म्हणजे ग्रह अगदी कुंपणालगत आहे. हद्दीच्या आत जोडीचे हिसके ठरावीक लयीत बसत राहतात, कक्षा लांबट होत जाते आणि ग्रह बहुधा बाहेर फेकला जातो. ताऱ्यांची कक्षाच लांबट असेल तर हद्द आणखी दूर सरकते.

दुसऱ्या तऱ्हेला हिशेब उलटा. मेच्या अखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास महाराष्ट्रातून दक्षिण क्षितिजालगत दिसणारा मित्र तारा (अल्फा सेंटॉरी) घ्या. त्यातले दोन मुख्य तारे सुमारे ८० वर्षांच्या फेरीत एकमेकांपासून ११ ते ३६ एककांवर असतात. म्हणून कुणाही एकाभोवती ग्रह साधारण अडीच-तीन एककांच्या आतच टिकेल.

पहिल्या तऱ्हेच्या ग्रहांचा शोधही वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागतो. एरवी ताऱ्याचा उजेड ठरावीक काळाने घटला की ग्रहाचा संशय घेतात. इथे ताराच जागा बदलतो, त्यामुळे घट लवकर किंवा उशिरा येते आणि कमी-जास्त वेळ टिकते. टीओआय-१३३८ बी या ग्रहाची अधिक्रमणे (ताऱ्यासमोरून जाणे) ९३ ते ९५ दिवसांच्या अंतराने होतात. एकच आवर्तनकाळ धरून नोंदी एकमेकींवर रचल्या तर घट पुसट होते आणि संगणक ती सोडून देतो. त्याआधी ताऱ्यांची आपापसातली ग्रहणेही नोंदींतून वजा करावी लागतात, कारण ती कित्येक पट ठळक असतात.

कळकळीची विनंती अशी, की अशा बातमीत ताऱ्यांमधले अंतर आणि ग्रहाचे अंतर हे दोन आकडे जरूर छापावेत. केप्लर-१६ मध्ये दुसऱ्याला पहिल्याने भागले की तीनच्या थोडे वर येते; हद्दीचा आकडा तसाच भागला की तीनच्या किंचित खाली. एवढ्यावरून कक्षा का टिकली, हे शाळकरी वाचकालाही तपासता येईल.

आपला,
एक खगोल अभ्यासक, पुणे