डब्बा टीव्ही भंगारात द्यायच्या आधी एकदा ड्रॅक्युला खेळून बघा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांमध्ये एका ताईंनी लिहिलं होतं की घरात धूळ खात पडलेले जुने पिक्चर ट्यूबवाले टीव्ही सगळ्यांनी काढून टाकावेत, जागा अडते, उपयोग शून्य. जागा अडते हे कबूल, माझ्या घरातही रोज यावरनं बोलणी खातो मी, आई तर सरळ म्हणते "ह्या डबडाले भंगारमा दी टाक". पण उपयोग शून्य हे काही पटलं नाही, म्हणून हे पत्र.

माझ्याकडं तो टीव्ही एकाच कामासाठी आहे, जुना टीव्ही गेम. आपण सगळ्यांनी लहानपणी खेळलाय तो, निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या जपानी गेम मशीनची नक्कल असलेला डब्बा, कॅसेट घालायची, चालली नाही की फुंकर मारायची, टीव्हीवर चॅनल शोधत बसायचं. कॅसेटवर ९९,९९९ गेम लिहिलेलं असायचं आणि आत त्याच त्या दहा-पंधरा फिरवून फिरवून. त्यात मला कॅसलवेनिया कधीच सापडली नाही, ती फार नंतर नाशिकच्या जुन्या बाजारातून सुटी कॅसेट आणली, ओरिजिनल नाही, कॉपीच आहे, खोटं कशाला बोलू.

कॅसलवेनिया म्हणजे कोनामी कंपनीची १९८६ ची गेम. सायमन बेलमाँट नावाचा गडी हातात चाबूक घेऊन ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात शिरतो आणि थेट वरच्या मनोऱ्यापर्यंत जातो. वाटेत मोठं वटवाघूळ, मेडुसा (केसांच्या जागी साप असलेली ग्रीक गोष्टींतली राक्षसीण), दोन ममी, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस आणि मग कोयता घेतलेला मृत्यू, त्याला आमच्या गल्लीतली पोरं यमराजच म्हणतात. मुंजा आणि हडळीच्या गोष्टी ऐकत मोठे झालेलो आपण, आपल्याला ही परदेशी भुतं काय घाबरवणार असं वाटतं, पण त्या फुटक्या भिंती, उडणारे लाल पडदे आणि खाली वाजणारं म्युझिक, रात्री एकट्यानं खेळलात तर मान मागं वळतेच. म्युझिक किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा या दोघींचं, आणि त्या मशीनमध्ये आवाजाचे फक्त पाच चॅनल होते, त्यातही गेमचे फटक्यांचे आवाज बसवायचे! आजकालच्या कितीतरी गेमच्या म्युझिकपेक्षा मला ते भारी वाटतं, ज्याला भांडायचं त्यानं भांडावं.

आता मुद्दा. या गेममध्ये उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही, गोफणीतून सुटलेल्या दगडासारखी, सुटली ती सुटली. माझा भाचा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्टीत आला होता, त्यानं मारिओ खेळलेला, तो बिचारा हवेत बटण दाबून दाबून वैतागला, "मामा, हाऊ उडी मारीसन वळस का नही?" वळतच नाही बाबा, तशीच बनवलीय. चाबूकही बटण दाबल्या दाबल्या लागत नाही, आधी हात मागं जातो मग फटका बसतो, म्हणजे शत्रू जवळ यायच्या जरा आधीच दाबावं लागतं. आणि तुम्हाला मार बसला की सायमन मागं उडतो, मागं खड्डा असेल तर संपलं. मेडुसाची मुंडकी येतात ती वरखाली लहरत येतात, कधी वर असतील कधी खाली हे मोजूनच चालायचं. यमराजाच्या आधी एक लांब दालन आहे, तिथं कुऱ्हाड फेकणारे चिलखतवाले आणि वरून ही मुंडकी एकाच वेळी, आणि तोपर्यंत गेम एवढी कडक झालेली असते की चार फटक्यांत खल्लास. तिथं पवित्र पाण्याची बाटली जपून आणली असेल तर ती फेकून चिलखतवाल्याला जागेवर खिळवता येतं, नाहीतर अवघड आहे. (नवख्यांसाठी सांगतो, मेणबत्त्या फोडून मिळणारे पत्त्यांतल्यासारखे बदाम म्हणजे जीव नाही, ते बाटली-कुऱ्हाड फेकायचं सामान आहे. जीव वाढवायला भिंतीत लपवलेलं मटण शोधावं लागतं. भिंतीतलं मटण कोण खातं विचारू नका.)

म्हणजे सगळा खेळ वेळेचा आहे, आणि इथंच टीव्ही मध्ये येतो. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये डब्ब्यातून सिग्नल निघाला की तो जवळपास तसाच्या तसा लगेच काचेवर उमटतो, मध्ये थांबणं नाही. नवा एलईडी टीव्ही आधी ते चित्र आत घेतो, ताणून मोठं करतो, गुळगुळीत करतो, मग दाखवतो, यात काही टीव्हीवर सेकंदाचा दहावा भाग सुद्धा जातो. सिनेमा बघताना कोणाला कळणार पण चाबूक मारताना लगेच कळतं, तुम्ही वेळेवर दाबलेलं असतं आणि मुंडकं तोंडावर येऊन आदळलेलं असतं. शिवाय या जुन्या डब्ब्याचा सिग्नल कितीतरी नव्या टीव्हींना नीट ओळखताच येत नाही, हलतं चित्र कडेला करवतीसारखं फाटतं. नव्या टीव्हीत गेम मोड नावाचं सेटिंग असतं, त्यानं हा उशीर बराच कमी होतो हे मान्य, पण ते सगळ्या टीव्हीत नसतं आणि मध्ये स्वस्तातला कन्व्हर्टर लावला की उशीर परत वाढतो. बदकं मारायची बंदूक आठवते का? ती तर एलईडीवर चालतच नाही, कारण ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदूक तो उजेड बघते, नेमक्या त्याच क्षणाला. तेवढं नेमकं ट्यूबलाच जमतं.

अजून एक गंमत, आपल्याकडच्या टीव्ही सिग्नलची पद्धत पाल, त्यात पडदा सेकंदाला ५० वेळा रंगतो, जपान-अमेरिकेत ६० वेळा, म्हणून आपल्या पाल डब्ब्यावर हीच गेम साधारण सहाव्या हिश्श्यानं हळू चालते, म्युझिक पण. मोबाईलवर ६० नं खेळलो तेव्हा सायमनच्या मागं कुत्रं लागल्यासारखं वाटलं मला.

आणि खानदेशातली खास अडचण म्हणजे लाईट. जपानात ही गेम पहिल्यांदा आली ती डिस्कवर, त्यात सेव्ह करता यायचं, पण १९८७ ला अमेरिकेत कॅसेट निघाली त्यात सेव्हही नाही आणि पासवर्डही नाही, माझी कॉपी त्याच कॅसेटची. मेल्यावर कंटिन्यू कितीही वेळा मिळतो, पण डब्बा बंद झाला की परत किल्ल्याच्या दारात उभे. उन्हाळ्यात ४४-४५ डिग्रीत, दुपारी, यमराजापर्यंत पोचल्यावर भारनियमन! इन्व्हर्टर आहे घरी पण तो चालू व्हायच्या झटक्यातच डब्बा रिसेट मारतो. त्या वेळी तोंडातून जे निघतं ते पेपरात छापता येणार नाही.

तर ताईंना आणि बाकीच्यांना विनंती एवढीच की चालू टीव्ही भंगारवाल्याला देऊ नका. तो त्याचा टीव्ही म्हणून काही करत नाही, मागची तांब्याची कॉईल काढतो आणि काच फोडून टाकतो, आणि त्या काचेत शिसं असतं, ते कुठल्या तरी नाल्यात जातं. बंद पडला असेल तर आधी गावातल्या जुन्या टीव्ही मेकॅनिकला दाखवा, अमळनेर, चोपडा, पाचोरा कुठंही एखादा तरी सापडेल ज्याला अजून फ्लायबॅक (पिक्चर ट्यूबला जास्त व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) बदलता येतो, आणि त्याला हे काम हल्ली कोणी देत नाही म्हणून तो खूश होऊन करतो. स्वतः मागचं झाकण उघडू नका, बंद टीव्हीत पण करंट साठलेला असतो. आणि संपादक साहेब, छोट्या जाहिरातींच्या पानावर कोपऱ्यात "जुना टीव्ही देणे आहे / हवा आहे" असं एक सदर फुकट चालू केलंत तर लई बरं होईल, माझ्यासारखे येडे जिल्ह्यात बरेच आहेत.

न्यायला येणाऱ्यांनी मात्र दोन जण या, २९ इंची असेल तर नक्कीच, आणि उचलताना काचेची बाजू छातीकडं ठेवा, सगळं वजन तिथंच असतं.

आपला,
एक वाचक, अमळनेर