समुद्रात हॅमर पडायच्या आधी तिथला आवाज मोजून ठेवा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात समुद्रातल्या पवनचक्क्यांची बातमी वाचली. किती मेगावॉट, किती कोटी, सगळं व्यवस्थित दिलं होतं, पण त्या चक्क्यांचे खांब समुद्राच्या तळात ठोकताना पाण्याखाली जो आवाज होणार त्याबद्दल एक ओळ पण नव्हती, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

नागपूरच्या माणसाला समुद्राचं काय पडलंय असं कोणी म्हणेल. तर मी मानेवाड्याचा, आयटीआय फिटर, अरबी समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कॉन्ट्रॅक्टमधे १९ वर्षं काढली, चौदा दिवस पाण्यात, चौदा दिवस घरी. नवीन विहीर घ्यायची असली की एक जाडजूड पाइप तळात ठोकतात, कंडक्टर म्हणतात त्याला, वरून हॅमर पडत राहतो. रात्री बंकवर आडवं झालं की तो ठोका कानापेक्षा पाठीत जास्त कळायचा, उशाशी ठेवलेल्या स्टीलच्या ग्लासातल्या पाण्यावर बारीक रिंगा उठायच्या. एरवी सकाळी प्लॅटफॉर्मच्या पायांजवळ डॉल्फिन यायचे, आम्ही चहा घेऊन रेलिंगला उभे राहायचो. हॅमर चालू असायचा त्या दिवसांत मला ते एकदाही दिसले नाहीत. आता माझं बघणं म्हणजे काही संशोधन नाही, समुद्र खवळलेला असेल, मासे दुसरीकडे गेले असतील, मीच शिफ्टमधे खाली असेन. पण प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच.

दोन वर्षांपूर्वी धंतोलीत कानाची तपासणी केली. काचेच्या केबिनमधे बसवतात, हेडफोन लावतात, बारीक शिट्टी ऐकू आली की बटन दाबायचं. रिपोर्टच्या कागदावर ४००० हर्ट्झपाशी मोठा खड्डा आला, डॉक्टर म्हणाले काका हा मशीनपाशी राहिलेल्या माणसाचा कान आहे. तेव्हा वाटलं, माझ्यासाठी केबिन आहे, कागद आहे, पण पन्नास फुटी देवमाशाला कुठल्या केबिनमधे बसवणार? तेव्हापासून मुलीकडून इंग्रजी समजून घेत घेत मी यावर वाचतोय.

पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त, आणि कमी फ्रिक्वेन्सीचा जाड आवाज तर संपता संपत नाही. समुद्रात नजर थोडीच जाते, म्हणून तिथले सस्तन प्राणी कानावर जगतात, खाणं शोधणं, जोडीदार शोधणं, पिल्लाला जवळ ठेवणं, सगळं आवाजावर. आणि आपण तिथे काय करतो तर तेल शोधायला जहाजामागे एअरगन ओढतो, दर दहा-पंधरा सेकंदाला दाबातली हवा सोडून धडाका, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे. अटलांटिकच्या मधोमध ठेवलेल्या हायड्रोफोननी, म्हणजे पाण्यातल्या माइकनी, ३००० किलोमीटरहून लांबच्या सर्व्हेचे धडाके टिपले आहेत. नागपूर ते कन्याकुमारी सरळ रेषेत जेवढं आहे त्याच्या दुपटीहून जास्त.

याचं प्राण्यांवर काय होतं हे शोधायला लोकांनी जे उपाय केले ते वाचून मी थक्क झालो. कॅनडाजवळ फंडीच्या उपसागरात राइट व्हेल जातीच्या देवमाशांची विष्ठा गोळा करून त्यात ताणाचे हार्मोन मोजायचं काम चालू होतं, विष्ठा पाण्यावर तरंगते तेवढ्यात शोधायची म्हणून पुढे तर बोटीवर शिकवलेली कुत्री पण घ्यायला लागले. हे काम चालू असतानाच ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला, जहाजांची ये-जा घटली, पाण्यातला आवाज ६ डेसिबलनी उतरला, आणि विष्ठेतले हार्मोन पण उतरले. पेपर छापून आला २०१२ मधे. मुद्दाम कोणी असा प्रयोग करूच शकलं नसतं. हे कळलं कशामुळे, तर आधीपासून मोजमाप चालू होतं म्हणून, आणि माझं सगळं म्हणणं इथेच येऊन थांबतं.

उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रातले बोहेड देवमासे एअरगन लांबून ऐकू आली की आधी जास्त हाका मारतात, आवाज वाढत गेला की कमी करतात आणि शेवटी गप्प होतात. म्हणजे हायड्रोफोनवर शांतता आली तर देवमासा तिथून गेला की तिथेच तोंड बंद करून आहे हे नुसत्या एका नोंदीवरून सांगता येत नाही, वर्षानुवर्षांची नोंद लागते. युरोपात समुद्रातल्या पवनचक्क्यांचे खांब ठोकताना पोर्पॉइज, म्हणजे डॉल्फिनसारखे पण छोटे प्राणी, वीस-वीस किलोमीटरपर्यंत लांब गेलेले दिसले, नंतर परत पण आले, तेही मान्य करायला पाहिजे. सगळे प्राणी मरतात असं मी म्हणत नाही. काहींना तात्पुरतं बहिरेपण येतं, काही खाणं सोडून पळतात, काहींची हाक आवाजात बुडून जाते, आणि हे रोज होत राहिलं तर पुढे काय ते शोधणंच अवघड आहे.

आपल्याकडे जून २०२४ मधे केंद्राने गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात ५००-५०० मेगावॉटसाठी ७४५३ कोटींची योजना मंजूर केली. पवनचक्की व्हायलाच पाहिजे, कोळशाची राख काय असते हे कोराडीच्या वीजकेंद्राशेजारच्या लोकांना मी काय सांगू. पण खंभातच्या आखाताकडे डॉल्फिन आणि पोर्पॉइज आहेत, तमिळनाडूकडे मन्नारच्या आखातात डुगाँग, म्हणजे समुद्री गाई, आहेत. अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे तर जगावेगळे, बाकीचे हंपबॅक दरवर्षी ध्रुवाकडे जाऊन येतात, हे इथेच राहतात, ओमानजवळ शंभराच्या आतच असतील असा अंदाज आहे. त्यातली लुबान नावाची मादी, तिला ओमानला सॅटेलाइट टॅग लावला होता, ती २०१७ च्या शेवटी समुद्र ओलांडून गोव्यापर्यंत आली आणि तिथून खाली भारताच्या टोकापर्यंत गेली. ते घडेपर्यंत असं कोणी नोंदवलेलंच नव्हतं!

म्हणून माझी मागणी अशी की पहिला खांब ठोकायच्या आधी निदान दोन पूर्ण वर्षं, पावसाळ्यासकट, तिथे तळावर हायड्रोफोन ठेवा आणि ती नोंद सगळ्यांसाठी खुली ठेवा. नुसती दुर्बीण घेतलेली माणसं बसवून भागणार नाही. ब्रिटनमधे एअरगन सुरू करायच्या आधी निदान अर्धा तास बघायचं, ५०० मीटरच्या आत प्राणी दिसला तर थांबायचं असा नियम आहे, चांगला आहे, पण ऑगस्टमधल्या अरबी समुद्रात लाटांमधे पोर्पॉइजची पाठ दिसते का ते मी १९ वर्षं बघितलंय.

आपल्याला हे नवीन नाही हो. पेंचमधून सिवनीकडे जाताना एनएच ४४ वर बघा, प्राण्यांसाठी रस्ता वर उचलला, बाजूला पत्र्याच्या भिंती केल्या, गाड्यांचा आवाज आणि उजेड जंगलात जाऊ नये म्हणून, त्यासाठी कोर्टकचेरी झाली, नंतर खाली कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी आला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावून कोणकोणते प्राणी जातात ते मोजलं. हायड्रोफोन हा समुद्रातला कॅमेरा ट्रॅपच आहे. भिंत पण आहे तिथे. जर्मनीत खांबापासून ७५० मीटरवर १६० डेसिबलची मर्यादा आहे, ती पाळायला खांबाभोवती तळावर भोकं पाडलेला होज गोल टाकतात, जहाजावरच्या कंप्रेसरनी त्यात हवा सोडतात, बुडबुड्यांची भिंत वरपर्यंत उभी राहते आणि आवाज त्यात बराचसा मोडतो. मी आयुष्यभर कंप्रेसर उघडले, हे काम आपल्या पोरांना येणार नाही असं कोणी सांगू नये.

एक विनंती पेपरवाल्यांना पण आहे. पाण्यातलं डेसिबल आणि हवेतलं डेसिबल एक नाही, मोजायचा पायाच वेगळा आहे आणि पाणी हवेपेक्षा घट्ट आहे, दोन्ही मिळून साधारण ६२ चा फरक पडतो, त्यामुळे पाण्यातला आकडा सरळ विमानाच्या आवाजाशी जोडून हेडिंग देऊ नका. असे आकडे आले की आपल्याच गावात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, तिथे आवाज मोजणारी माणसं आहेत, त्यांना फोन करून विचारा.

आणि पवनचक्क्यांची पुढची बातमी कराल तेव्हा मेगावॉटच्या शेजारी एवढं विचाराच, हायड्रोफोन कधी टाकले, कुठे टाकले, आणि ऑगस्टमधे चालू होते का.

आपला,
एक रिटायर्ड ऑफशोअर फिटर
मानेवाडा, नागपूर