बोटावर ९७ दिसले म्हणजे झाले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून २०२५ साली एवढे रान पेटले, दोन्ही बाजूंनी आरोग्याचे दाखले दिले गेले. पण कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसाला येणारी सूज ओळखायची कशी, यावर फारसे कुणी बोलले नाही. घरोघरी मात्र धाप लागली की कोविडातला, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा ऑक्सिमीटर काढायचा आणि ‘९७ आहे, काही नाही झालेलं’ म्हणून मोकळे व्हायचे, असे चालले आहे. फुप्फुस तपासणीच्या खोलीत नोकरी केली असल्याने हे ऐकवत नाही.

ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ मध्ये मांडलेली ऑक्सिमीटरची ही युक्ती उत्तमच. पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या फुप्फुसातल्या केशवाहिनीतून तांबड्या पेशीला जायला साधारण पाऊण सेकंद लागतो, आणि ऑक्सिजन भरून घ्यायला पाव सेकंद पुरतो. हवा आणि रक्त यांमधला पडदा जाड झाला तरी उरलेल्या अर्ध्या सेकंदात काम भागते, आकडा ९७ च राहतो. जिना चढताना रक्त वेगाने धावते, ती सवड जाते आणि आकडा घसरतो. शिवाय हे यंत्र सावळ्या-काळ्या त्वचेवर कधी कधी जास्तच आकडा दाखवते. अमेरिकेत २०२० पासून त्यावर बरीच चर्चा आहे. आपल्याकडे ती व्हायला हवी.

पडद्याची खरी परीक्षा घेते ती डीएलसीओ नावाची चाचणी. ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड असलेली हवा एका दमात आत घ्यायची, दहा सेकंद रोखायची, सोडायची. किती वायू रक्तात गेला ते यंत्र सांगते. गॅस गीझरमुळे याच वायूने माणसे दगावल्याच्या बातम्या वाचलेली मंडळी नाव ऐकूनच बिचकतात, पण एवढ्याशा मात्रेने काही होत नाही. डेन्मार्कच्या मारी क्रोग यांनी १९१५ मध्ये या पद्धतीचा पाया घातला. साध्या फुंकण्याच्या चाचणीत सारे ठीक दिसत असतानाही यात घट सापडू शकते. एक मात्र बघावे: हिमोग्लोबिन कमी असले तरी हा आकडा खाली येतो. आपल्याकडे बायकांमध्ये रक्तक्षय सर्रास, तेव्हा हिमोग्लोबिननुसार आकड्याची दुरुस्ती न करता दिलेला रिपोर्ट फुकट घाबरवतो.

हे यंत्र महाग आहे, चालवायला शिकलेला माणूस लागतो, हे मान्य. तरी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ते असावे, निदान खाणी, दगड फोडण्याचे क्रशर आणि फाउंड्री असलेल्या भागांत तरी आधी. तोवर सहा मिनिटे चालवून ऑक्सिमीटर बघण्याची चाचणी आजही सुरू करता येईल. तिला घड्याळ, खुर्ची आणि ३० मीटरचा सपाट व्हरांडा लागतो. व्हरांडे आहेतच, तिथे रचलेल्या मोडक्या खाटा तेवढ्या हलवाव्या लागतील.

— एक निवृत्त पीएफटी (फुप्फुस तपासणी) तंत्रज्ञ, पुणे