जुना प्रोसेसर दुकानात देऊन टाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इचलकरंजीत अठरा वर्षे मी डीटीपीचे काम करते. ऐन लग्नसराईत संगणक धापा टाकू लागला, म्हणून त्यातला एएमडी कंपनीचा रायझन ३ २२००जी प्रोसेसर काढून रायझन ५ ५६००जी बसवायचे ठरवले. मदरबोर्ड बी४५०, २०१८ सालचा. सॉकेट, म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसवायची जागा, तोच एएम४, पिना त्याच १३३१. दुकानदार म्हणाला, "बिनधास्त न्या ताई. जुना इथेच ठेवा, हजार कमी करतो." मी बाराशे मागितले, तो ऐकेना, म्हणून जुना प्रोसेसर डबीत घालून घरी आणला. नशीब माझे!

नवा बसवला. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडद्यावर मात्र 'नो सिग्नल'. रॅम काढून खोडरबराने घासून पाहिली, तरी तेच. दुकानदाराने फोनवरच निकाल दिला: बोर्ड गेला, नवा घ्या.

बोर्ड ठणठणीत होता. त्यावरचे बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना प्रोसेसर ओळखणारी बोर्डवरची आज्ञावली, २०१८ चे, प्रोसेसर २०२१ चा. ओळख पटणार कशी? गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या मुलाने जुना प्रोसेसर परत बसवला, बोर्डच्या कंपनीच्या साइटवरून नवे बायोस पेनड्राइव्हवर घेतले आणि भरायला लावले. मध्येच वीज गेली तर बोर्ड खरोखरच जायचा, म्हणून यूपीएस जोडलेला. पडद्यावरची प्रगतीची पट्टी शंभर टक्क्यांवर पोहोचेपर्यंत आम्ही दोघे चकार शब्द बोललो नाही. मग नवा प्रोसेसर पहिल्या झटक्यात चालू झाला.

काही बोर्डांवर प्रोसेसरशिवाय बायोस भरायचे बटण असते. माझ्या बोर्डवर नाही. जुना प्रोसेसर एक्स्चेंजमध्ये देऊन बसलेल्याने काय करायचे?

कंपन्यांना हे ठाऊक नाही असे नाही. यातल्या बऱ्याच बोर्डांवर बायोसची चिप अवघी १६ एमबीची. सगळ्या प्रोसेसरांची माहिती तीत मावत नाही. मे २०२० मध्ये तर एएमडीने ४०० मालिकेच्या (माझा बी४५० त्यातलाच) बोर्डांवर पुढची पिढी चालणारच नाही असे जाहीर केले आणि ग्राहकांनी ओरड केल्यावर निर्णय फिरवला. मग बोर्डच्या खोक्यावर आतल्या बायोसची आवृत्ती एमआरपीसारखी ठळक छापायला काय हरकत आहे? आणि प्रोसेसर विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला बोर्ड कोणता, बायोस कोणते, एवढे तरी विचारावे.

दुकानदाराला हे सगळे सांगितले तर म्हणाला, "आमच्याकडे बायोस अपडेटचे पाचशे पडतात." मी आनंदाने दिले असते. विक्रीच्या वेळी बोलायचे होते ना!

– एक डीटीपी व्यावसायिक, इचलकरंजी