आगुंबे दुचाकी सफर : सामान व गाडीच्या तयारीबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, बेळगाव–जांबोटी–चोर्ला–गोवा–कारवार–आगुंबे या सफरीसाठी येत्या शनिवारी पहाटे साडेपाच वाजता पिरनवाडी क्रॉसवर टाकी भरून हजर राहावे.

जड सामान (हत्यारे, पाण्याच्या बाटल्या, सुटे भाग) खाली आणि सीटच्या जवळ बांधावे. ते मागच्या कॅरिअरवर उंच रचल्यास पुढच्या चाकावरील भार कमी होतो आणि चोर्ला घाटातील वळणांवर हँडल हलके पडते. बॅग सायलेन्सरला टेकत नाही, हे सामान बांधून एकदा खानापूरपर्यंत जाऊन येऊन तपासावे. अंगणात गाडी उभी करून केलेली तपासणी पुरेशी धरली जाणार नाही. रेनकोट सर्वांत वर असावा, कारण तो काढण्यासाठी भर पावसात अख्खी बॅग उपसणारे आपल्यात दरवेळी निघतातच.

टायरमधील हवा गाडी थंड असताना, पूर्ण भारासाठी कंपनीने दिलेल्या प्रमाणानुसार भरावी. स्पोकच्या चाकांना बहुधा ट्यूब असते, त्यामुळे अशा सभासदांनी ट्यूबलेस टायरच्या पंक्चर किटच्या भरवशावर न राहता जादा ट्यूब, पाने व पंप जवळ बाळगावा. चेन, ब्रेक पॅड आणि क्लच केबल गुरुवारपूर्वीच मेकॅनिककडून पाहून घ्यावी. नवे टायर मात्र आदल्या दिवशी बसवू नयेत.

लायसन्स, आरसी, विमा व पीयूसी डिजिलॉकरमध्ये चालतात. तरीही घाटात रेंज नसते, म्हणून मूळ कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत सोबत घ्यावीत. आयएसआय हेल्मेट नसलेल्यास, मागे बसणाऱ्यासही, सफरीत घेतले जाणार नाही.