आयटीआयचा विचार करणाऱ्या लेकीस

नागपूर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घ्यावा असे तुझ्या मनात आहे आणि ते ऐकून मैत्रिणी हसल्या, असे तू कळवलेस. त्यांच्यावर रागावू नकोस. या वयात एखाद्या शिक्षणाची ओढ वाटते किंवा वाटत नाही, हे बरेचसे आपण काय पाहिले आणि घरात कोणत्या कामाला मान मिळताना पाहिला, यावरच ठरते. गुण कमी पडले की ‘आता आयटीआयच कर’ असे मुलांना सुनावले जाते. ज्या शिक्षणाची ओळखच शिक्षा म्हणून झाली, त्याची गोडी लागणार तरी कशी?

तुला ती लागली शाळेच्या कार्यशाळेत. जिन्याचा दिवा खालून लावून वरून बंद करता यावा म्हणून दोन टू-वे स्विचांमध्ये तारा कशा जोडायच्या, हे तू मला फोनवर इतके बारकाईने सांगितलेस की मी ते कागदावर काढून पाहिले. हाताने काम करता करता शिकावे, हा विचार गांधीजींनी तुझ्या वर्ध्यातच १९३७ च्या शिक्षण परिषदेत मांडला होता. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात व्यवसाय शिक्षणावर भर दिला, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर ते सहावीपासून सुरू करण्यास सांगितले. तरीही आम्हा पालकांच्या मनातली उतरंड फारशी हललेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुढची वाट बंद होईल, या धास्तीनेही पुष्कळ मुले मागे सरतात. वस्तुतः दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केल्यावर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्याही दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. शिकाऊ उमेदवारीत विद्यावेतन मिळते, ते वेगळेच.

मात्र केवळ एका कार्यशाळेच्या आनंदावर निर्णय घेऊ नकोस. मुलींना या कामात आपल्यासारखी कुणी दिसत नाही, म्हणूनही त्या तिकडे वळत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत आलीस की आपण येथील आयटीआयमध्ये जाऊन या ट्रेडला मुली असल्या तर त्यांच्याशी बोलू. हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत नोकरी लागल्यास कामाची पाळी कोणती असते, रात्री परतायची सोय काय, हे तू स्वतः विचार. प्रश्न आधीच वहीत लिहून आण.

तुझे,
बाबा